इलेक्ट्रोलायझरला वीजजोडणी: कोकणातील अर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

पाण्याचे विघटन करून हायड्रोजन तयार करणारा इलेक्ट्रोलायझर हे वीज खाणारे यंत्र आहे. विद्युत अधिनियम, 2003 च्या दृष्टीने त्याचा मालक हा ग्राहक ठरतो, वीजनिर्माता नव्हे. हे सांगण्याचे कारण असे की, लोटे परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या काही प्रस्तावांच्या मुखपृष्ठावरच ‘ऊर्जानिर्मिती प्रकल्प’ असे लिहिलेले असते आणि मग पुढचे सगळे अर्ज चुकीच्या नमुन्यात भरले जातात. वीज महावितरणकडून नेहमीच्या दराने घ्यायची, मुक्त प्रवेशाने म्हणजे ओपन ॲक्सेसने बाहेरच्या सौर वा पवन प्रकल्पातून आणायची, की कॅप्टिव्ह म्हणजे स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या प्रकल्पातून घ्यायची, हे आधी ठरवावे, कारण कागदपत्रांचा संच त्यावर अवलंबून आहे. कोणताही मार्ग निवडला तरी जागेवर जोडणी लागतेच, म्हणून प्रथम जोडणीचा विचार करू.

भाराचा हिशेब अर्जाआधी नीट मांडावा. एक किलो हायड्रोजनसाठी साधारण 50 ते 55 युनिट वीज लागते, म्हणजे 1 मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला 18 ते 20 किलो वायू मिळतो. मात्र 1 मेगावॅट म्हणून करार मागणी, म्हणजे महावितरणशी ठरलेली कमाल मागणी, 1000 केव्हीए (किलोव्होल्ट-ॲम्पिअर) लिहिणे ही नेहमीची चूक आहे. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या किलोवॅटचे प्रमाण, 0.95 धरला तरी एकट्या संचाचीच मागणी 1050 केव्हीएच्या वर जाते, शिवाय पंप, शीतकरण आणि कॉम्प्रेसर यांचा भार वेगळा धरावा लागतो. करार मागणी ओलांडली की जादा मागणीवर दंडनीय दर लागतो. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचे बिल एप्रिल 2020 पासून केव्हीएएच (केव्हीए-तास) युनिटवर निघत असल्याने कमी पॉवर फॅक्टरचा भुर्दंडही थेट बिलात दिसतो.

जोडणीच्या अर्जासोबत कंपनीची नोंदणी, संचालक मंडळाचा ठराव, अर्जावर सही करणाऱ्याचे अधिकारपत्र, जागेच्या मालकीचा वा ताब्याचा पुरावा, भाराचा तपशील आणि एकरेषीय विद्युत आराखडा जोडावा. औद्योगिक वसाहतीत भाडेपट्टा करार आणि ताबा पावती पुरते. वसाहतीबाहेर मात्र सातबारा लागतो आणि कोकणात खरी अडचण तिथेच येते. मी स्वतः तयार केलेला एक अर्ज याच कारणाने परत आला होता: सातबाऱ्यावर अकरा सहहिस्सेदार होते, त्यांतले चौघे मुंबईत, आणि संमतिपत्रावर एका वारसाची सही राहून गेली होती. नवी वाहिनी स्वखर्चाने उभारायची असेल तर तिच्या मार्गातल्या जमीनमालकांच्या संमतीही अर्जदारालाच मिळवाव्या लागतात. तार हापूसच्या कलमांवरून जाणार असेल तर झाडांच्या भरपाईची बोलणी खांब रोवण्याआधी पुरी करावीत. खाडीकाठी खारफुटी टाळूनच मार्ग आखावा, आणि जागा सागरी नियमन क्षेत्रात येत असेल तर 2019 च्या अधिसूचनेनुसार महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे वेगळा प्रस्ताव द्यावा.

अर्ज दाखल झाल्यावर उपकेंद्राच्या क्षमतेची पाहणी होते, अंदाजपत्रक मिळते, रक्कम व सुरक्षा ठेव भरली जाते आणि करारनामा होतो. अधिनियमाच्या कलम 43 प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून महिन्याभरात वीज द्यायची असते. परंतु वाहिनी वाढवावी लागत असेल किंवा नवे उपकेंद्र उभारावे लागत असेल तर ते काम झाल्यावरच पुरवठा मिळतो, आणि मेगावॅटच्या पटीतल्या भाराला बहुतेकदा महावितरणला मिळणारी ही सवलत लागू होते, हे वेळापत्रक आखतानाच लक्षात घ्यावे.

तांत्रिक अटींमध्ये हार्मोनिक्सची, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या नको असलेल्या प्रवाहांची, अट सर्वांत जड आहे. इलेक्ट्रोलायझरला एकदिश प्रवाह लागतो आणि तो देणारा रेक्टिफायर वीजजाळ्यातून विकृत प्रवाह ओढतो. सहा पल्सच्या रेक्टिफायरमध्ये पाचवी व सातवी हार्मोनिक ठळक असते, तर बारा पल्सच्या रेक्टिफायरमध्ये अकरावी व तेरावी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2007 च्या जाळे-जोडणी मानकांत 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीने 33 केव्ही व त्यावरच्या मोठ्या ग्राहकांसाठी याच्या मर्यादा आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 519 या मानकाशी जोडल्या आहेत. म्हणून फिल्टरचा आराखडा अर्जासोबतच द्यावा. यंत्र आल्यावर फिल्टर शोधणे म्हणजे वरात निघाल्यावर घोडा शोधण्यासारखे आहे.

आता वीज आणण्याविषयी. केंद्र सरकारने 6 जून 2022 रोजी अधिसूचित केलेल्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनुसार 100 किलोवॅट किंवा त्याहून अधिक मंजूर भार असलेला ग्राहक पात्र आहे. कॅप्टिव्ह ग्राहकाला ही मर्यादा नाही, परंतु त्याला 2005 च्या विद्युत नियमांची कसोटी लागते: निर्मिती प्रकल्पात किमान 26 टक्के मालकी आणि वर्षाच्या निर्मितीपैकी किमान 51 टक्के वापर. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा असून तो तेथून संबंधित नोडल (अर्ज हाताळणाऱ्या) यंत्रणेकडे जातो. 15 दिवसांत निर्णय झाला नाही तर तांत्रिक अटींच्या अधीन राहून मंजुरी मिळाली असे मानले जाते, आणि म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय अर्ज नाकारता येत नाही. वीज खरेदीचा करार, करार मागणीचा पुरावा, थकबाकी नसल्याचा दाखला आणि 15 मिनिटांच्या अंतराने नोंद ठेवणारे मीटर या चार गोष्टी हाती ठेवूनच अर्ज भरावा.

याच नियमांत हायड्रोजन उत्पादकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद आहे: हरित हायड्रोजन वा हरित अमोनियासाठी वापरलेल्या हरित विजेवर क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेचा भार उचलण्यासाठीचा) आणि अतिरिक्त अधिभार (वितरकाच्या स्थिर खर्चापोटीचा) लागत नाही. त्याखेरीज राज्याच्या 2023 च्या हरित हायड्रोजन धोरणात पारेषण शुल्कात 50 टक्के, वहन आकारात (वितरण जाळे वापरण्याच्या आकारात) 60 टक्के सूट आणि विद्युत शुल्कमाफी आहे. या लाभांसाठी महाऊर्जा म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाकडे प्रकल्पाची नोंदणी करावी लागते.

वीज बँकिंगकडे, म्हणजे जादा वीज जाळ्यात जमा ठेवून नंतर वापरण्याच्या सोयीकडे, मात्र कोकणातल्या अर्जदाराने डोळे उघडे ठेवून पाहावे. नियमांनुसार बँकिंगचा हिशेब महिन्यापुरता असतो आणि महिनाअखेर शिल्लक राहिलेली वीज पुढे नेता येत नाही, ती लयाला जाते. मे महिन्यातले जादा ऊन जुलैच्या पावसाला उपयोगी पडत नाही. केवळ सौर करारावर विसंबलेला इलेक्ट्रोलायझर जून ते सप्टेंबर अर्धपोटी राहील किंवा महावितरणची वीज घेऊ लागेल. सह्याद्रीच्या पठारांवरचे वारे नेमके याच महिन्यांत जोर धरतात, म्हणून सौर-पवन मिश्र करार अधिक शहाणपणाचा वाटतो. शिवाय मुक्त प्रवेशाने घेतलेल्या विजेचे प्रमाण जास्तीत जास्त 15 मिनिटांच्या 12 कालखंडांपर्यंत, म्हणजे तीन तास, बदलू नये अशी अट घालण्याची मुभा नियमांत आहे. ढग आला की संच उतरवायचा, असा कार्यक्रम आखणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

पावसाळ्यात जाळ्याची वीज मिसळल्यास वायूच्या ‘हरित’ पणावरही परिणाम होतो. ऑगस्ट 2023 च्या केंद्रीय मानकानुसार दर किलो हायड्रोजनमागे उत्सर्जन, मागील 12 महिन्यांच्या सरासरीने, 2 किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्यापेक्षा अधिक नसावे. त्यामुळे दर 15 मिनिटांच्या मीटर नोंदी पहिल्या दिवसापासून जपून ठेवाव्यात.

शेवटचा टप्पा सुरक्षेचा. दाबाखालील हायड्रोजनच्या साठ्यासाठी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो, तर उच्चदाब उभारणीची तपासणी विद्युत निरीक्षक करतात. त्यांना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल, अर्थिंगची मोजमापे आणि स्फोटप्रवण क्षेत्राचा नकाशा दाखवावा लागतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत अर्थिंगचे सांधे लवकर गंजतात, म्हणून ही मोजमापे तपासणीच्या आठवड्यातच नव्याने घ्यावीत. निरीक्षकांची लेखी मंजुरी हाती आल्याखेरीज वाहिनी प्रभारित करता, म्हणजे तिच्यात वीज सोडता, येत नाही.