लेड-हॅलाइड पेरोव्हस्काइट स्फटिक: आयनांची हालचाल आणि तापमानानुसार होणारे प्रावस्थाबदल

मेथिलअमोनियम लेड आयोडाइड या लेड-हॅलाइड पेरोव्हस्काइटचे स्फटिक घेणाऱ्या ग्राहकांकडून आमच्याकडे प्रामुख्याने दोन तक्रारी येतात. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभागावर समांतर पट्टे दिसतात, ही पहिली. आणि क्रायोस्टॅटमधून (अतिशीत तापमान राखणाऱ्या उपकरणातून) बाहेर काढलेल्या स्फटिकाला तडे गेलेले असतात, ही दुसरी. या दोन्हींचे कारण बहुतेक वेळा स्फटिक वाढवताना राहिलेल्या दोषात नसून, त्या पदार्थाच्या जाळीत (अणूंच्या नियमित मांडणीत) आणि तिच्या पोकळ्यांतील रेण्विक, म्हणजे अनेक अणूंच्या, आयनांत सापडते.

या स्फटिकात शिशाच्या प्रत्येक आयनाभोवती सहा आयोडाइड आयनांचे अष्टफलक असते. शेजारची अष्टफलके टोकांशी जोडलेली असून आठ अष्टफलकांमधल्या पोकळीत मेथिलअमोनियम आयन राहतो. याच जागी काही पेरोव्हस्काइटांत सीझियमचा आयन असतो; तो गोल असल्यामुळे त्याला दिशा नसते. मेथिलअमोनियमच्या एका टोकाला मेथिल गट आणि दुसऱ्या टोकाला अमोनियम गट असल्यामुळे त्याला दिशा तर असतेच, शिवाय सुमारे 2.3 डिबायचे द्विध्रुव आघूर्णही (दोन टोकांवरील विद्युतभारातील असमतोलाचे माप; डिबाय हे त्याचे एकक) असते. हा आयन पोकळीत स्थिर बसत नाही. सामान्य तापमानाला तो जागच्या जागी डगमगतो आणि दर काही पिकोसेकंदांनी एका दिशेकडून दुसरीकडे उडी घेतो. 1987 साली पोग्लिच आणि वेबर यांनी मिलिमीटर तरंगांच्या साहाय्याने या हालचालीचा आणि तिच्याशी निगडित प्रावस्थांचा, म्हणजे तापमानानुसार बदलणाऱ्या स्फटिकरचनांचा, अभ्यास केला होता. आयोडाइड आयनांचे जाळीतून होणारे स्थलांतर ही मात्र निराळी आणि कितीतरी संथ प्रक्रिया आहे. मोजमापांचा अर्थ लावताना या दोहोंची गल्लत होऊ नये.

सुमारे 327 केल्व्हिनच्या, म्हणजे 54 अंश सेल्सिअसच्या वर स्फटिक सरासरीने घनीय असतो. त्याखाली अष्टफलके एका अक्षाभोवती आळीपाळीने उलटसुलट वळतात आणि रचना चतुष्कोणीय (एका अक्षाच्या दिशेने वेगळ्या मापाची) होते. हा अक्ष मूळच्या तीन समतुल्य दिशांपैकी कोणताही असू शकतो. उष्ण द्रावणात, घनीय अवस्थेत वाढवलेला स्फटिक थंड होताना त्याच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळा अक्ष निवडला जातो आणि त्या जुळ्या क्षेत्रांच्या सीमा पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. स्फटिक 54 अंशांच्या वर नेल्यास पट्टे नाहीसे होतात आणि निवल्यावर पुन्हा उमटतात. सामान्य तापमानाला पट्टे अजिबात नको असतील, आणि अधिक रुंद ऊर्जा-अंतराची (प्रकाश शोषण्यासाठी लागणाऱ्या जास्त ऊर्जेची) अडचण नसेल, तर आयोडाइडऐवजी मेथिलअमोनियम लेड ब्रोमाइडचा स्फटिक घेणे आम्हाला अधिक योग्य वाटते. तो सुमारे 237 केल्व्हिनच्या वर घनीयच असतो.

तड्यांचा संबंध सुमारे 162 केल्व्हिनजवळच्या संक्रमणाशी आहे. त्याखाली अमोनियम गटाचे आयोडाइडशी असलेले हायड्रोजन बंध आयनाला ठरावीक दिशेत जखडतात. त्याचे गट कार्बन-नायट्रोजन अक्षाभोवती फिरत राहिले, तरी संपूर्ण आयनाचे वळणे थांबते, डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचे माप) एकदम कोसळतो आणि रचना समचतुर्भुजी (तिन्ही अक्षांच्या दिशेने वेगवेगळ्या मापांची) होते. हा बदल टप्प्याटप्प्याने होत नाही. जाळीची मापे अचानक बदलत असल्यामुळे घट्ट चिकटवलेला किंवा झपाट्याने थंड केलेला स्फटिक तडकतो. म्हणून या तापमानाच्या आसपास थंड करण्याचा वेग अगदी कमी ठेवावा आणि स्फटिक एकाच बाजूने, लवचिक माध्यमाने बसवावा. थंड करताना आणि तापवताना संक्रमणाचे तापमान किंचित वेगळे येते, त्यामुळे मोजमाप थंड करताना घेतले की तापवताना, हेही नोंदवहीत लिहावे.

स्फटिक पिवळा पडल्यास प्रथम तो कोणता आहे ते पाहावे. फॉर्मामिडिनियम लेड आयोडाइडची (यात पोकळीत मेथिलअमोनियमऐवजी फॉर्मामिडिनियम आयन असतो) काळी प्रावस्था सामान्य तापमानाला टिकाऊ नसते आणि हळूहळू पिवळ्या षट्कोनी प्रावस्थेत जाते, दमट हवेत तर अधिक लवकर. कोरड्या वातावरणात सुमारे 150 अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यास काळी प्रावस्था परत मिळते, मात्र एकसंध स्फटिक तसाच राहील याची हमी देता येत नाही. मेथिलअमोनियमच्या स्फटिकावरचा पिवळेपणा बहुधा विघटनातून सुटलेल्या लेड आयोडाइडचा असतो आणि तो तापवून जात नाही, उलट वाढतो. अशा स्फटिकाला हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नये आणि त्याची भुकटी शिसेयुक्त कचरा म्हणून वेगळी ठेवावी.