काढून घेतलेला दावा आणि गैरहजेरीत निकाली निघालेला दावा: उशिरा पुनरुज्जीवन मागताना पडणारा फरक

अनेक वर्षांपूर्वी बंद पडलेला दिवाणी दावा पुन्हा चालवायचा आहे, असे सांगत पक्षकार वकिलाकडे येतो तेव्हा तो दावा नेमका कसा बंद पडला, हे त्याच्या सांगण्यावरून बहुधा कळत नाही. 'केस निघाली' एवढेच त्याला ठाऊक असते. त्यामुळे पहिले काम रोजनाम्याची (न्यायालयाने ठेवलेल्या तारखांच्या कामकाजाच्या नोंदीची) आणि शेवटच्या हुकमाची नक्कल काढण्याचे असते. तिथे दोनपैकी एक मजकूर सापडतो. एक असा की वादीने पुरसीस (आपले म्हणणे न्यायालयाला कळवणारे लेखी निवेदन) दिली असून दावा काढून घेण्यास परवानगी देण्यात येते. दुसरा असा की पुकारा करूनही वादी व त्याचे वकील गैरहजर, प्रतिवादी हजर, सबब दावा गैरहजेरीमुळे काढून टाकण्यात येतो. दोन्हींचा परिणाम वरकरणी सारखाच आहे: दावा निकाली निघाला आणि त्याच कारणावर नवा दावा आणण्याची वाट सर्वसाधारणपणे बंद झाली. या साम्यामुळेच गोंधळ होतो, आणि पुरशीसवर निघालेल्या दाव्यासाठी गैरहजेरीच्या तरतुदीखाली अर्ज टाकला जातो. असा अर्ज गुणदोषांपर्यंत पोहोचतच नाही.

गैरहजेरीत दावा काढून टाकणे ही न्यायालयाची कृती आहे. वादी आला नाही म्हणून न्यायालयाने ती केलेली असते. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये तिच्यावरचा उपायही लिहून ठेवला आहे. प्रतिवादी हजर असताना दावा गेला असेल तर आदेश ९, नियम ९ प्रमाणे नवा दावा आणता येत नाही, परंतु गैरहजेरीला पुरेसे कारण होते हे दाखवून जुना दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज करता येतो. दोन्ही बाजू गैरहजर असतील तर नियम ४ लागतो आणि मुदत (दावा आणण्याची कायद्याने ठरवलेली कालमर्यादा) शिल्लक असल्यास नवा दावाही चालतो. पुनर्स्थापनेच्या अर्जाला मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १२२ प्रमाणे दावा काढून टाकल्याच्या तारखेपासून ३० दिवस मिळतात. ते उलटले तर कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो.

दावा काढून घेणे ही मात्र वादीची स्वतःची कृती आहे. आदेश २३, नियम १ प्रमाणे वादी दावा केव्हाही सोडून देऊ शकतो. औपचारिक दोषामुळे दावा टिकणारच नसेल, उदाहरणार्थ सरकारविरुद्धच्या दाव्याआधी कलम ८० ची नोटीस द्यायची राहून गेली असेल, किंवा तसेच पुरेसे कारण असेल, तर न्यायालय नवा दावा आणण्याची मुभा देऊन दावा काढून घेऊ देते. पुरावा कच्चा पडला हा औपचारिक दोष नव्हे, हे येथे सांगितलेले बरे. मुभा मागणाऱ्या बऱ्याच अर्जांमागे खरे कारण तेच असते. मुभा न घेता दावा सोडला तर त्याच विषयावर पुन्हा दावा आणता येत नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की काढून घेतलेला दावा परत चालू करण्याची तरतूद आदेश २३ मध्ये कुठेच नाही.

मग दार पूर्ण बंद आहे का? नाही, पण ते अरुंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या जेट प्लाय वूड प्रकरणात असे धरले की अशा हुकमाबाबत संहितेत स्वतंत्र तरतूद नसल्यामुळे कलम १५१ मधील अंगभूत अधिकार वापरून न्यायालय तो मागे घेण्याचा विचार करू शकते. मात्र अंगभूत अधिकार म्हणजे वादीचा हक्क नव्हे. पुरशीसवरची सही आपली नाही, वकिलाला तसे सांगितलेच नव्हते, फसवणूक करून सही घेतली, अशा स्वरूपाचे काही ठोस असावे लागते. अनेक वादींपैकी एकानेच इतरांच्या संमतीशिवाय दावा काढून घेतला असेल, किंवा वादी अज्ञान (अल्पवयीन) असताना त्याच्या वतीने न्यायालयाच्या परवानगीशिवाय दावा सोडला असेल, तर हुकमातच दोष सापडतो आणि अर्जाला बळ येते. निव्वळ 'आता वाटते की सोडायला नको होता' या म्हणण्याला कलम १५१ मध्ये जागा नाही.

उशिराचा प्रश्न या दोन ठिकाणी वेगळ्या रीतीने उभा राहतो, आणि माझ्या मते खरा फरक तिथे आहे. समजा, जमीन विक्रीच्या कराराची पूर्तता मागणारा दावा २०१४ मध्ये दाखल झाला. प्रतिवादीने २०१३ मध्येच खरेदीखत करून देण्यास नकार दिला होता आणि करारात पूर्ततेची तारीख नव्हती. म्हणजे मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५४ ची ३ वर्षे २०१६ मध्ये संपली. २०१७ मध्ये प्रतिवादी 'खत करून देतो' असे तोंडी म्हणाला आणि वादीने मुभा न घेता पुरसीस दिली. २०२४ मध्ये तीच जमीन तिसऱ्याला विकली गेल्याचे वादीला कळले. येथे नवा दावा आदेश २३, नियम १ मुळे अडतो. मुभा घेतली असती तरी नियम २ प्रमाणे मुदत पहिला दावा झालाच नव्हता असे समजून मोजली जाते, म्हणजे ती केव्हाच गेली. पहिल्या दाव्यात गेलेला काळ वगळण्याची सवलत मुदत कायद्याच्या कलम १४(३) मध्ये आहे, पण ती न्यायालयाला अधिकारक्षेत्रच नसणे किंवा तशाच स्वरूपाच्या कारणासाठी मुभा मिळाली असेल तेव्हाची. विलंब माफीही येथे कामाची नाही, कारण कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागते, दाव्याला लागत नाही. म्हणूनच वादीचा सारा जोर जुना दावा जिवंत करण्यावर असतो: तो झाला तर २०१४ ही दाखल तारीख कायम राहते.

हाच दावा २०१७ मध्ये गैरहजेरीत गेला असता, तर वादीला ७ वर्षांच्या गैरहजेरीचा हिशेब द्यावा लागला असता. आजारपण, वकिलाचे निधन, तारीख न कळवली जाणे यांचे कागद लावून तो देता येतो. १९८७ च्या कातीजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुरेशा कारणाकडे उदार दृष्टीने पाहावे असे सांगितले, त्याचा आधार या अर्जात घेतला जातो. तरी ७ वर्षे हा पल्ला मोठाच. काढून घेतलेल्या दाव्यात मात्र स्पष्टीकरण गैरहजेरीचे नसून स्वतःच्या संमतीचे असते, आणि मधली गप्प वर्षे ती संमती खरी होती याचाच पुरावा ठरू लागतात. फसवणुकीचे म्हणणे असेल तर मुदत कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फसवणूक कळल्यापासून, किंवा वाजवी दक्षतेने कळू शकली असती तेव्हापासून, काळ मोजला जातो. त्यामुळे ती कधी व कशी कळली याची तारीखवार हकीकत शपथपत्रात यावी लागते. 'अलीकडेच समजले' हे वाक्य प्रतिवादीचा वकील पहिल्या पाच मिनिटांत निकालात काढतो. मधल्या काळात तिसऱ्याने किंमत मोजून जमीन घेतली असेल, तर न्यायालयाचा हात आणखी आखडतो.

कधी कधी जुन्या दाव्यामागे लागण्याची गरजच नसते. आदेश २३, नियम १ ची बंदी त्याच विषयापुरती आहे, आणि विषय म्हणजे केवळ तीच मिळकत नव्हे. दाव्याचे कारण व मागितलेली दादही त्यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच स्पष्ट केले. एकत्र मिळकतीच्या वाटपाचा हक्क मिळकत एकत्र असेतोवर चालू राहतो, म्हणून काढून घेतलेला वाटपाचा जुना दावा नव्या दाव्याच्या आड सहसा येत नाही. दावा तडजोडीवर सोडायचाच असेल, तर ती आदेश २३, नियम ३ खाली लेखी नोंदवून हुकूमनामा (न्यायालयाचा अंमलात आणता येणारा निर्णय) घेता येतो, आणि त्याच्या अंमलबजावणीला १२ वर्षे मिळतात; पुरशीसमागच्या तोंडी शब्दाची अंमलबजावणी करून घेता येत नाही.

अर्ज फेटाळला गेला तरी फरक उरतोच. आदेश ९, नियम ९ खालचा अर्ज नामंजूर झाल्यास आदेश ४३, नियम १(c) प्रमाणे अपील आहे. कलम १५१ खालच्या नकारावर अपील नाही. तिथे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयाची देखरेख मागावी लागते, आणि ते न्यायालय खालच्या न्यायालयाने अधिकार नीट वापरला की नाही एवढेच मुख्यतः पाहते, पुरावा नव्याने तोलत नाही.