गुडघ्याची सोनोग्राफी? हो, गुडघ्याचीच!

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे एकतर गरोदर बाई नाहीतर मुतखडा. त्यामुळे माझा अकरावीतला भाचा "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" या पाटीखाली नंबरची वाट बघत बसला होता तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलंच, याला काय झालंय हो? भाच्याने मोबाईलमध्ये डोकं घातलं ते वर काढलंच नाही.

त्याला हिमोफिलिया ए आहे, सिव्हिअर. रक्त गोठायला लागणारं फॅक्टर ८ हे प्रथिन त्याच्यात नॉर्मलच्या १ टक्क्यापेक्षाही कमी. दोष एक्स क्रोमोसोमवर असतो, आमच्या आईकडून ताईकडे आला, मला नाही आला, निव्वळ छापा-काटा. लोकांना वाटतं अशा पोराला बोट कापायची भीती, पण खरा त्रास आत सांध्यात असतो, गुडघा, घोटा आणि कोपर, आणि काही लागायलाच पाहिजे असंही नाही, रात्री नीट झोपलेलं पोरगं सकाळी फुगलेला गुडघा घेऊन उठतं.

सांध्यात रक्त साचलं की आतलं अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, ते रक्त साफ करू लागतं. पण रक्तातलं लोह तिथेच साठत जातं, अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात नवीन बारीक रक्तवाहिन्या तयार होतात आणि त्या इतक्या नाजूक असतात की पुढचा रक्तस्राव त्यांच्यातूनच होतो. सहा महिन्यांत एकाच सांध्यात ३ किंवा जास्त वेळा आपोआप ब्लीड झालं की त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. तोवर इकडे कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजत असते, आणि तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्यामुळे ती गेली की गेली.

एक्सरेत कूर्चाही दिसत नाही नि अस्तरही, त्यात फरक दिसेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. एमआरआय सगळं दाखवतो पण महाग, आणि चार वर्षांच्या पोराला अर्धा तास हलू नकोस म्हणून सांगून बघा, बऱ्याचदा गुंगीचं औषधच द्यावं लागतं.

भाच्याचा गुडघा महिनाभर दुखत होता आणि आम्ही दर वेळी ब्लीड समजून फॅक्टर ८ चं इंजेक्शन टोचत होतो. डॉक्टरांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, जेल लावलं, वाटीच्या वर प्रोब टेकवला. पोटासाठी असतो त्यापेक्षा हा जास्त फ्रिक्वेन्सीचा, खोल बघत नाही पण वरवरचं बारीक दाखवतो. स्क्रीनवर पांढरी चकचकीत रेघ म्हणजे हाड, गुडघा पूर्ण वाकवल्यावर तिच्यावर दिसला तो काळा पातळ पट्टा म्हणजे कूर्चा. वाटीच्या वरच्या कप्प्यात काहीतरी करडं होतं. डॉक्टरांनी प्रोब जरा दाबला, म्हणाले, पातळ काही असतं, रक्त किंवा पाणी, तर दाबल्यावर बाजूला पळालं असतं, हे जागचं हललं नाही म्हणजे अस्तर जाड झालंय. मग डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारा मोड, लावला तर त्या करड्यात केशरी ठिणग्या, म्हणजे नवीन रक्तवाहिन्या. ताजं रक्त नव्हतंच! दुखणं सुजलेल्या अस्तराचं होतं. (तरी शंका आली तर आधी फॅक्टर आणि मग सोनोग्राफी, उलटं करू नका.) दुसरा गुडघा कधीच दुखला नव्हता, तोही बघितला, कारण न दुखतासुद्धा आत थोडं थोडं रक्त झिरपत असू शकतं.

हे सगळं मार्कांत मांडायची पद्धत इटलीतल्या कार्लो मार्टिनोली आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडली, तिला हेड-यूएस म्हणतात. अस्तराला ० ते २, कूर्चेला ० ते ४, हाडाला ० ते २, एका सांध्याचे जास्तीत जास्त ८, आणि इथे जितके कमी तितकं चांगलं. दुखऱ्या गुडघ्याला २ आले, दोन्ही अस्तराचेच, कूर्चा अजून शाबूत.

पण आवाजाच्या लहरी हाडाच्या पलीकडे जात नाहीत, त्यामुळे सांध्याच्या मधला भाग आणि हाडातल्या पोकळ्या दिसत नाहीत, तिथे एमआरआयच लागतो. शिवाय प्रोब कोणाच्या हातात आहे यावर बरंच काही अवलंबून.

परदेशात काही ठिकाणी हिमोफिलियाच्या ओपीडीतच छोटं मशीन ठेवून डॉक्टर किंवा फिजिओ लगेच बघून टाकतात. आपल्याकडे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी लागते, पोर्टेबल असलं तरी उचलून कुठेही नेता येत नाही, कायदा का आहे ते कळतं, पण त्यापायी दुखरा गुडघा घेऊन दुसऱ्या बिल्डिंगपर्यंत लंगडत जावं लागतं. पुढची तारीख सहा महिन्यांनी आहे, तोवर नियमित फॅक्टर आणि फिजिओ चालू.