स्नेक प्लांट : ओळख आणि संग्रह

पूर्वीच्या सान्सेव्हेरिया प्रजातीतील (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) वनस्पतींना व्यवहारात स्नेक प्लांट म्हणतात. डीएनएवर आधारित अभ्यासांनंतर ही प्रजाती ड्रॅसिना प्रजातीत विलीन करण्यात आली. घरोघरी दिसणाऱ्या, मूळच्या पश्चिम आफ्रिकेतील झाडाचे नाव त्यामुळे ड्रॅसिना ट्रायफॅसिआटा झाले. संग्राहक मात्र बहुधा जुनेच नाव वापरतात, आणि नर्सरीतही तेच चालते. बहुसंख्य जाती आफ्रिकेतील आहेत. काही जाती मादागास्कर, अरबस्तान, भारत व श्रीलंका येथे आढळतात. पानांतील चिवट धाग्यांपासून पूर्वी धनुष्याच्या दोऱ्या वळत.

एका पानावरून जात ओळखण्याचा मोह टाळावा. सावलीत पान लांब, अरुंद व गडद होते. उन्हात तेच आखूड आणि फिकट राहते. ‘मूनशाइन’ या वाणाची चंदेरी झाक कमी उजेडात हिरवी पडत जाते. दंडगोल पानांच्या जातींची पहिली पाने पन्हळीसारखी खोलगट असतात, म्हणून कोवळ्या रोपाला नाव देण्याची घाई नको. पानाचा आडवा छेद, खोबणीची खोली, कडेच्या रेषेचा रंग, पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि मूलक्षोडाची (जमिनीखालच्या आडव्या खोडाची) जाडी एकत्र पाहावी. अधिक भरवशाची खूण फुलोऱ्याची. तो सरळ दांडीचा, गेंदेदार किंवा फांद्यांचा असतो. फिकट फुले रात्री उमलतात व सुगंधी असतात. वनस्पतिशास्त्रज्ञ एन. ई. ब्राउन यांच्या सान्सेव्हेरियावरील १९१५च्या प्रबंधातील अनेक जातींची वर्णने फुलांविना, लागवडीतील रोपांवरून केलेली होती. नावांचा आजचा बराच गोंधळ तिथूनच आला.

वाणांची गोष्ट वेगळी. त्यांतील बरेच उत्परिवर्तनातून, म्हणजे अचानक झालेल्या जनुकीय बदलातून, आले. बुटका, वाटीच्या आकाराचा ‘हाहनी’ १९३९ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे पिवळ्या कडांच्या ‘लॉरेंटी’मध्ये आढळला, आणि १९४१ मध्ये त्याचे पेटंट झाले. ‘लॉरेंटी’चे पान कापून लावले तर नवे रोप पिवळ्या कडांशिवाय, साधे हिरवे येते. पिवळी कड आणि हिरवा मधला भाग या दोन वेगळ्या पेशीसमूहांच्या असतात, आणि नवा कोंब सहसा हिरव्या भागातून फुटतो. कड टिकवायची असेल तर मूलक्षोड विभागून फुटवे वेगळे करावे लागतात. पानाच्या कलमातून ‘लॉरेंटी’ देण्याचे आश्वासन मिळाले, तर विक्रेत्याला अनुभव नाही असे समजावे.

या वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, त्यामुळे पाणी वाचते. झाड मरते ते बहुधा जास्त पाण्याने. महाराष्ट्रात पावसाळ्यातील चार महिने कुंडी छपराखाली ठेवावी. परलाइट (हलके, सच्छिद्र खनिज दाणे) किंवा विटांचा चुरा मिसळलेली, निचऱ्याची माती असावी, आणि ती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. कलमाचे टोक काही दिवस सुकू द्यावे, नाहीतर ते कुजते. घरातील हवा शुद्ध करण्याची या झाडाची ख्याती नासाच्या १९८९च्या बंदिस्त पेटीतील प्रयोगांवरून आली. खऱ्या खोलीत दोन-चार कुंड्यांनी जाणवण्याजोगा फरक पडत नाही. पानांत सॅपोनिने ही विषारी द्रव्ये असतात, ती मांजर किंवा कुत्र्याने चघळल्यास उलट्या-जुलाब होतात.

जाणकार संग्राहक कुंडीत नावाबरोबर रोप कुठून व केव्हा आले तेही लिहितात. जात नक्की नसेल तर तिथे फक्त प्रजातीचे नाव आणि प्रश्नचिन्ह असते.