दवंडी, वेस आणि जागल्या: निजलेल्या संगणकाला लांबून उठवताना

संगणक बंद केला, पडदा काळा झाला, पंखा थांबला. तरी मागच्या बाजूला, नेटची केबल खोचलेली असते तिथं, एक बारीक हिरवा दिवा जळतच राहतो. उदगीरच्या आमच्या घरातल्या या दिव्याच्या भरवशावर मी पुण्यात बसून तिथला सर्व्हर हवा तेव्हा उठवतो.

सर्व्हर म्हणजे एक जुना डेस्कटॉप. बंद होत असलेल्या सायबर कॅफेतून साडेचार हजारांत घेतला, दोन टीबीची डिस्क वेगळी बसवली, लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घातली. त्यात शेताचे सातबारे, फेरफार, घरचे फोटो आणि आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. या ओव्यांसाठीच सगळा खटाटोप केला. त्या कुणा कंपनीच्या दर महिन्याच्या भाड्यावर ठेवायच्या नव्हत्या.

प्रश्न आला विजेचा. काही काम नसतानाही हा डबा ४५ वॅट खातो. चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला ३२ युनिट. आपल्याकडे घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढं दर चांगलाच चढतो, म्हणजे हे ३२ युनिट नेमके महागाच्या टप्प्यात जाऊन बसतात. तोच डबा निजला की दोन वॅटवर येतो. रोज दोन तास काम आणि बाकी वेळ झोप असा हिशेब धरला, तर सगळं मिळून महिन्याला चार युनिटांत भागतं. उन्हाळ्यात आणखी एक फायदा. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत चालू यंत्र स्वतःची उष्णता खोलीत ओतत राहतं. निजलेलं यंत्र ती ओततच नाही. आमचा डबा जुन्या माळवदाच्या खोलीत आहे. जाड मातीच्या छताखाली ती खोली मे महिन्यातही पत्र्याच्या खोलीपेक्षा कितीतरी गार असते.

आता तो उठतो कसा? पूर्वीच्या संगणकांना खरोखरचा खटका असे. तो दाबला की वीज तुटली. १९९५ साली इंटेलनं एटीएक्स ही नवी रचना आणली. तिच्यात पॉवर सप्लायमधून पाच व्होल्टची एक वेगळी वाट कायम जिवंत राहते. डब्यात डोकावलात तर तिची जांभळी वायर दिसेल. भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर या वाटेनं थोडी वीज, नेटची केबल जिथं खोचतो त्या नेटवर्क कार्डापर्यंत पोचत राहते. प्रोसेसर आणि डिस्क निजलेले असतात, कार्डाचा कान तेवढा उघडा राहतो.

त्याच साली एएमडी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी या कानाला ऐकू जाईल अशी हाक ठरवली. तिचं नाव मॅजिक पॅकेट. आधी सहा बाइट, ज्यांतला प्रत्येक बिट १ असतो. मग ज्याला उठवायचं त्या कार्डाचा मॅक पत्ता, सलग सोळा वेळा. हा पत्ता सहा बाइटांचा असतो आणि कार्ड बनतानाच त्याला चिकटतो. सहा अधिक सोळा सक ९६, एकूण १०२ बाइट. सोळा वेळा कशासाठी? कार्डाला या वेळी विचार करायला प्रोसेसर नसतो, ते फक्त आकृतिबंध जुळवून बघतं. इतर कुठल्या वाहतुकीत चुकून एवढी लांब ओळ जुळून येणं जवळजवळ अशक्य आहे. साध्या तुलनेवर भागवणारी ही रचना मला फार आवडते.

निजलेल्या संगणकाला आयपी पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्कमध्ये त्याला मिळालेल्या आकड्यांच्या पत्त्यावरून, हाक मारून उपयोग नसतो, कारण तो पत्ता सांगणारी यंत्रणाच झोपलेली असते. म्हणून ही हाक सगळ्या नेटवर्कभर दिली जाते. गावात दवंडी फिरावी तशी. प्रत्येक घराला ऐकू येते, ज्याचं नाव पुकारलं तो उठतो.

घरात बसून फोनवरून हाक दिली, सर्व्हर लगेच उठला. पुण्यात येऊन दिली, काहीच झालं नाही. दवंडी वेशीबाहेर जात नाही. राउटर ही ती वेस, आणि एका नेटवर्कची दवंडी तो दुसऱ्यात शिरू देत नाही. तसं नसतं तर जगभरच्या दवंड्या प्रत्येक घरात घुमल्या असत्या. काही जण राउटरमध्ये सर्व्हरच्या आयपी पत्त्याकडे वाट काढून देतात. संगणक बंद करून लगेच चाचणी घेतली तर ती यशस्वीही होते. पण कुठला आयपी कुठल्या मॅकचा याची राउटरची वही काही मिनिटांत पुसली जाते आणि मग हाक पोचवायची कुठं हे त्याला कळत नाही. रात्री चाललेलं सकाळी चालत नाही, ते यामुळं.

त्यातून आणखी एक अडचण. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास. ते पुरेनात, म्हणून इंटरनेट देणाऱ्या अनेक कंपन्या कितीतरी घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्हीही त्यातलेच. मोठ्या वाड्याचा पत्ता एकच, टपालवाल्यानं आतल्या कुठल्या खोलीचं दार वाजवावं?

याचं उत्तर मला शेतात सापडलं. बाबा विहिरीवरची मोटार मोबाईल स्टार्टरनं चालू करतात. रात्रीचा थ्री फेज आला की घरूनच फोन लावायचा. मोटार पाच एचपीची, पण फोन उचलतं ते सिमकार्डाचं छोटं यंत्र, आणि ते कायम जागं असतं. गावगाड्यात रात्रभर जागून राखण करणाऱ्याला जागल्या म्हणत. आपल्यालाही वेशीच्या आत एक जागल्या हवा.

मी रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा चिमुकला संगणक बसवला. काडेपेटीहून थोडा मोठा, वीज साधारण एक वॅट. तो स्वतःहून बाहेर जोडणी करतो. वाड्यातल्या माणसाला बाहेर जायला कुणी अडवत नाही आणि गेल्या वाटेनं निरोप परत येऊ शकतो. त्यासाठी वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या तंत्रावर आधारलेली टेलस्केलसारखी सोय फुकट मिळते. मी पुण्यातून जागल्याला सांगतो, तो घरात दवंडी देतो, मिनिटाभरात सर्व्हर हजर. राउटरमध्ये भोक पाडावं लागत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण मॅजिक पॅकेटला साधारणपणे पासवर्ड नसतो. मॅक पत्ता माहीत असला की कुणीही हाक देऊ शकतो.

पाच दिवस सुरळीत गेले. सहाव्या दिवशी सर्व्हर उठेना. आईला फोन केला तर म्हणाली, "रात्री लाईट गेलती की, तासभर आली नाही." जागल्या लाईट आल्यावर आपोआप चालू झाला होता. सर्व्हरचा हिरवा दिवा मात्र विझलेला.

मराठवाड्यात सर्व्हर ठेवायचा तर या प्रसंगाचा आधी विचार करायला हवा. कार्डाला "ऐकत राहा" ही सूचना बंद होताना ऑपरेटिंग सिस्टीम देते. वीज पूर्ण तुटली की ती सूचना बऱ्याच मशिनांत पुसली जाते आणि यंत्र एकदा पूर्ण चालू झाल्याशिवाय परत मिळत नाही. उपाय बायोसमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्याही आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये आहे: वीज परतल्यावर काय करायचं, या पर्यायात "चालू हो" निवडायचं. मोटारीच्या ऑटोस्विचसारखं. लाईट आली की सर्व्हर उठतो, पंधरा मिनिटं कुणी काम सांगितलं नाही तर एक छोटी स्क्रिप्ट त्याला परत निजवते. निजताना कार्ड पुन्हा कान उघडा ठेवतं.

बायोसमध्येच ईआरपी नावाचा पर्याय बंद ठेवा. बंद यंत्रानं अर्ध्या वॅटहून जास्त वीज खाऊ नये, या युरोपातल्या नियमासाठी तो असतो आणि बहुतेक वेळा कार्डाची वीजच तोडतो. विंडोज असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा. लिनक्सवर ईथटूल या कमांडनं "वेक-ऑन" पुढं इंग्रजी जी (g) हे अक्षर येतंय का बघा. सर्व्हरला केबलच लावा, वायफायवरून उठण्याचा भरवसा धरू नका. जुना लॅपटॉप वापरणार असाल तर बॅटरीचा फायदा खरा, पण चार्जर निघाला की हाक न ऐकणारे लॅपटॉप बरेच आहेत. घेण्याआधी तपासा. राउटर आणि जागल्या दोघं मिळून दहा-बारा वॅटच खातात, त्यांना घरच्या इन्व्हर्टरवर टाका.

शेवटी चाचणी घ्या, पण घरच्या वायफायवरून नको. सर्व्हर निजवा, मेन स्विच अर्धा तास पाडा, परत चढवा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी गावाबाहेर जाऊन मोबाईल डेटावर हाक द्या. नाहीच उठला, तर घरी फोन करून एवढंच विचारा: मागचा हिरवा दिवा लागलाय का?