पीअर वर्करसह पोषणशिक्षणाची आखणी

मानसिक आजारातून स्वतः गेलेली आणि आता पगारी नोकरी म्हणून इतर रुग्णांना साथ देणारी व्यक्ती म्हणजे पीअर वर्कर. अशा कार्यकर्त्यांनी आहारतज्ज्ञांच्या बरोबरीने बसून आहाराचे वर्ग, पुस्तिका किंवा स्वयंपाकाची सत्रे पहिल्या बैठकीपासून ठरवायची, या पद्धतीला को-डिझाइन किंवा सहरचना म्हणतात. ऑस्ट्रेलियात ती चांगली रुजली आहे. तिथे पीअर वर्कचा स्वतंत्र सर्टिफिकेट अभ्यासक्रम आहे आणि या मनुष्यबळासाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही निघाली. मराठी वाचकाला यातली अर्धी कल्पना नवी नाही: पुण्याच्या मुक्तांगणमध्ये (स्थापना १९८६) व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे समुपदेशक होतात.

तीव्र मानसिक आजार असलेल्यांचे आयुष्य इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी भरते, तेही मुख्यतः हृदयविकार, मधुमेह अशा शारीरिक आजारांमुळे. ओलँझापिन व क्लोझापिन ही अशा मानसिक आजारांवरची औषधे भूक चाळवतात, वजन वाढवतात. सिडनीच्या बाँडाय भागात पहिल्यांदाच सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटणे) झालेल्या तरुणांसाठी ‘कीपिंग द बॉडी इन माइंड’ हा उपक्रम झाला. त्यात परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि व्यायामतज्ज्ञ यांच्या जोडीला तरुण पीअर कार्यकर्तेही होते. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार १२ आठवड्यांत या गटाचे वजन सरासरी १.८ किलोने वाढले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे ७.८ किलोने. गट मात्र अगदी लहान होते, आणि पीअर कार्यकर्त्यांचा वाटा वेगळा मोजलेला नव्हता.

आहारतज्ज्ञाचा धडा बहुधा ताटापासून सुरू होतो: अर्ध्या ताटात भाज्या, पाव भागात धान्य. पीअर वर्कर विचारतो ते रात्रीच्या गोळीनंतर अकरा वाजता लागणाऱ्या भुकेबद्दल. तेव्हा पोट भरले तरी भरल्यासारखे वाटत नाही. मग धड्यात शिरतात त्या एका शेगडीवरच्या पाककृती, सामायिक फ्रीजमधून नाहीसे होणारे दूध, पंधरवड्याने येणाऱ्या सरकारी भत्त्याचे शेवटचे कडकीचे दिवस. ‘जंक फूड टाळा’ ही ओळ तो बहुतेक खोडूनच टाकतो. वजनावरून टोमणे खाल्लेल्याला ती आणखी एक टोमणा वाटते.

पण अनुभवालाही मर्यादा आहेत. लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध) घेणाऱ्याला सारखी तहान लागते आणि ती गोड शीतपेयांवर भागवली जाते, हे पीअर वर्कर सांगेल. मीठ एकदम तोडले तर रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते, हे मात्र आहारतज्ज्ञाने व डॉक्टरने पाहायचे. म्हणून ‘मीठ कमी करा’ असे सरसकट छापता येत नाही. कुणाला आहारतक्ता लिहून देणे हेही पीअर वर्करचे काम नव्हे.

छापून तयार झालेली पुस्तिका पुढ्यात टाकून ‘कशी वाटली?’ असे विचारणे, यालाही हल्ली सर्रास सहरचना म्हटले जाते. पाच तज्ज्ञांमध्ये एकटाच पीअर वर्कर, तोही बिनमानधनाचा, असला की तो मान डोलावतो आणि बैठक वेळेत संपते. किमान दोघे-तिघे असले की खरा वाद झडतो. वजनकाट्याचेच घ्या: उपचार करणाऱ्यांना आकडा हवा असतो, आणि काही जण त्या काट्याच्या धास्तीनेच वर्गाला यायचे टाळतात. काही ठिकाणी त्यावर तोड म्हणून काटा शेजारच्या खोलीत ठेवतात. ज्याला हवे त्याने जावे.