तीस टक्के म्हणजे किती? मोझेक डाऊन सिंड्रोमच्या निदानानंतर

मूल उशिरा बसते, उशिरा चालते, दोन-अडीच वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही. पण चेहऱ्यावरून काही लक्षात येत नाही, म्हणून घरचे आणि कधीकधी डॉक्टरही वाट पाहत राहतात. मग कोणीतरी गुणसूत्रांची तपासणी सुचवते आणि काही आठवड्यांनी आलेल्या रिपोर्टवर अशी ओळ असते : ४७,एक्सवाय,+२१[६]/४६,एक्सवाय[१४]. याचा अर्थ एवढाच की प्रयोगशाळेने वीस पेशी मोजल्या, त्यांपैकी सहा पेशींत २१ व्या क्रमांकाचे गुणसूत्र एक जास्त होते आणि चौदा पेशी नेहमीसारख्या होत्या. निदान मोझेक डाऊन सिंड्रोम. सहा भागिले वीस म्हणजे तीस टक्के हा हिशेब आईवडील दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आधीच करतात आणि ‘आमच्या मुलाला तीस टक्केच डाऊन आहे’ हे वाक्य त्या दिवसापासून घरात रुजते. हा आकडा खोटा नाही, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे असे वाटते त्या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. या गैरसमजापायी कुटुंबे वेळेवर आधार शोधत नाहीत, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहीत आहे.

डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेकांच्या, म्हणजे सुमारे ९५ टक्के जणांच्या, सर्वच पेशींमध्ये २१ वे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. तीन-चार टक्क्यांमध्ये त्याचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. उरलेल्या एक-दोन टक्क्यांमध्ये एकाच शरीरात दोन्ही प्रकारच्या पेशी नांदतात. तो मोझेक प्रकार. डाऊन सिंड्रोममागे जादा गुणसूत्र असल्याचे लझन, गोतिये आणि त्युरपँ या फ्रेंच संशोधकांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले आणि अवघ्या दोन वर्षांत, १९६१ मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा मिश्र पेशी असलेल्या एका मुलाची नोंद आली. म्हणजे ही नव्याने सापडलेली गोष्ट नाही, फक्त विरळ आहे.

आता ही सरमिसळ होते कशी, ते पाहू. या विषयातील मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हाच आहे. समजा फलित अंडे अगदी नेहमीसारखे, ४६ गुणसूत्रांचे आहे. त्याच्या पहिल्याच विभाजनात २१ व्या गुणसूत्राच्या दोन प्रती वेगळ्या न होता एकाच बाजूला गेल्या, तर एक पेशी ४७ ची आणि दुसरी ४५ ची होईल. ४५ ची पेशी सहसा टिकत नाही. मग उरलेल्या एका पेशीपासून सगळे शरीर घडेल आणि ते मोझेक असणार नाही, सगळेच ४७ चे असेल. हीच चूक दुसऱ्या विभाजनात, दोनपैकी एका पेशीत झाली, तर चार पेशींत एक ४७ ची, एक ४५ ची आणि दोन ४६ च्या होतील. ४५ ची गेली की तीनात एक, म्हणजे सुमारे ३३ टक्के. तिसऱ्या विभाजनात झाली तर सातात एक, सुमारे १४ टक्के. चूक जितकी उशिरा, तितका तिचा वाटा लहान.

दुसरा मार्ग नेमका उलटा आहे आणि मोझेक मुलांमध्ये तोच अधिक आढळतो. फलित अंडे आधीच ४७ चे असते आणि पुढच्या एखाद्या विभाजनात एका पेशीतून जादा गुणसूत्र मागे पडून हरवते. ती पेशी नेहमीसारखी होते आणि तिची वंशवेल सुरू होते. येथे एक बारकावा आहे. तीन गुणसूत्रांपैकी दोन बहुधा आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते, आणि हरवते ते कोणतेही असू शकते. तिनांत एकदा वडिलांचेच हरवेल आणि ‘दुरुस्त’ झालेल्या पेशीत दोन्ही प्रती आईच्या राहतील. काही गुणसूत्रांच्या बाबतीत असे होणे घातक ठरते, कारण त्यांवरील काही जनुके आईकडून आली की वडिलांकडून यावर त्यांचे काम अवलंबून असते. २१ व्या गुणसूत्राच्या बाबतीत मात्र त्यामुळे वेगळा आजार होत असल्याचे दिसलेले नाही.

वरचे ३३ आणि १४ हे आकडे नीटनेटके आहेत, पण गर्भ तसा वाढत नाही. पाच-सहा दिवसांच्या गर्भातील बऱ्याचशा पेशी वारेच्या कामी जातात आणि बाळाचे शरीर आतल्या मोजक्या पेशींपासून बनते. त्या मोजक्यांत ४७ च्या किती आल्या, हा योगायोग. पुढे त्यांचे तीन थर होतात : बाह्यस्तरापासून मेंदू आणि त्वचेचा वरचा थर, मध्यस्तरापासून हृदय, हाडे, स्नायू आणि रक्त, अंतःस्तरापासून आतडी आणि थायरॉइड ग्रंथी. प्रत्येक वाटणीत प्रमाण बदलू शकते. त्यामुळे एकाच मुलाच्या रक्तात तीस टक्के, गालाच्या आतल्या पेशींत साठ टक्के आणि हृदयाच्या पडद्यात आणखी काही वेगळे, असे असणे शक्य आहे. मेंदूतील प्रमाण जिवंतपणी मोजता येत नाही आणि रक्तावरून ते काढता येत नाही.

मोजणीचेही तसेच. रक्ताच्या नमुन्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य घालून सुमारे तीन दिवस पेशी वाढवतात. त्याने मुख्यतः टी-लिम्फोसाइट या एकाच प्रकारच्या पांढऱ्या पेशी विभाजित होऊ लागतात. मग कोल्चिसीनसारख्या औषधाने विभाजन मध्यावर थांबवतात, पेशी फुगवून काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि पट्ट्यापट्ट्यांची गुणसूत्रे एकेक करून ओळखतात. हे कष्टाचे काम असल्याने साधारण वीस पेशी मोजल्या जातात. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, कारण एका भांड्यातला भात सगळा सारखाच शिजलेला असतो. येथे तीच अट मोडलेली आहे. वीसपैकी सहा आल्या, तर संख्याशास्त्राच्या नियमाने त्या रक्तातील खरे प्रमाण १२ ते ५४ टक्क्यांमध्ये कोठेही असू शकते. आणि खरे प्रमाण दहा टक्के असेल, तर वीस पेशींत एकही ४७ ची न सापडण्याची शक्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे ०.१२, आठांपैकी एका मुलाचा रिपोर्ट चक्क ‘नॉर्मल’ येईल. म्हणूनच शंका असेल तेव्हा जास्त पेशी मोजायला सांगतात, किंवा चमकणारी खूण लावून शेकडो पेशी पाहणारी ‘फिश’ तपासणी करतात, किंवा गालातील पेशी घेतात. शिवाय काही मुलांमध्ये वय वाढते तसे रक्तातील ४७ च्या पेशींचे प्रमाण घटत गेल्याचे दिसले आहे. ते मूल ‘बरे होत’ असल्याचे लक्षण नव्हे. रक्ताच्या पेशी सतत नव्याने बनतात, मेंदूच्या बहुतांशी बनत नाहीत.

गटागटाने पाहिले तर मोझेक मुलांची बौद्धिक चाचणीतील सरासरी इतर डाऊन मुलांपेक्षा जास्त येते आणि वैद्यकीय गुंतागुंतही काहीशी कमी दिसते, हे खरे आहे. परंतु दोन्ही गट एकमेकांवर इतके पसरलेले आहेत की समोरच्या एका मुलाबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही. म्हणून ज्या तपासण्या डाऊन सिंड्रोमसाठी ठरलेल्या आहेत त्या सगळ्या मोझेक मुलाच्याही व्हायला हव्यात : हृदयाची इको एकदा तरी, थायरॉइडची रक्ततपासणी दरवर्षी, कानाच्या पडद्यामागे पाणी साठते का याची वेळोवेळी पाहणी, डोळे. चाल अचानक बिघडली, मान दुखू लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मानेच्या मणक्यांसाठी तातडीने डॉक्टर गाठावेत. ‘तीस टक्केच आहे’ म्हणून इको टाळणे हा मला या गैरसमजाचा सर्वांत धोकादायक परिणाम वाटतो.

याच काळात घरात दुसरे आवाजही सुरू होतात. ग्रहणात आईने काही चिरले का, कोणाची नजर लागली का, माहेरी कोणाला असे होते का. वर सांगितलेली चूक कधी घडते ते पुन्हा पाहावे : एक तर अंड्यात किंवा शुक्रपेशीत, किंवा गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, जेव्हा आईची पाळीसुद्धा चुकलेली नसते. त्या वेळी तिने काय खाल्ले, काय कापले, कोठे गेली, याचा गुणसूत्रांशी काहीही संबंध नाही, आणि हे घरातल्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरांच्या तोंडून एकदा स्पष्ट ऐकवावे. ग्रहणापेक्षा मला जास्त चीड येते ती सूटबुटातल्या अंधश्रद्धेची. मूळपेशी (स्टेम सेल) टोचून बुद्धी वाढवून देतो अशी जाहिरात करणारे लोक लाखो रुपये घेतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले तर मूळपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचण्यांतच करता येतो, आणि त्यात सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. तेच पैसे आणि तोच वेळ वाचाउपचारावर घालवावा.

आधाराचा प्रश्न मोझेक कुटुंबांसाठी आणखी एका कारणाने अवघड होतो. नातेवाईक म्हणतात, “दिसत तर नाही हो तसं काही,” आणि डाऊन मुलांच्या पालकांच्या बैठकीत गेले तर तेथेही कोणी सहज म्हणून जाते, “तुमचं काय, मोझेकच आहे ना.” दोन्हीकडे आपण उपरे, असे वाटून आई हळूहळू जाणे सोडते. शिवाय संख्या इतकी कमी की तालुक्यात दुसरे असे मूल सापडणे कठीण. अमेरिकेत ‘इंटरनॅशनल मोझेक डाऊन सिंड्रोम असोसिएशन’ ही याच प्रकारासाठीची संस्था आहे आणि तिच्याकडून अनुभव वाचायला मिळतात. पण रोजची गरज जवळच्या माणसांचीच असते, आणि तेथे डाऊन मुलांच्या पालकांचे गटच कामी येतात. चेन्नईची ‘डाऊन सिंड्रोम फेडरेशन ऑफ इंडिया’ १९८४ पासून पालकांच्या पुढाकाराने काम करते. सैल स्नायू, उशिराचे बोलणे, शाळाप्रवेश, हे प्रश्न टक्केवारी पाहून येत नाहीत, म्हणून उपरेपणाची भावना बाजूला ठेवून बैठकीला जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सुरू झालेली शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या यादीत डाऊन सिंड्रोमचे नाव आहे आणि तेथील सेवा मोफत असते. नवी मुंबईत खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, मुंबईत ‘उम्मीद’ आणि गोव्यात ‘सेतू’ ही बालविकास केंद्रे आहेत. अशा ठिकाणी नेमके काय करतात, हा प्रश्न पालक विचारतात. उदाहरण सांगतो. स्नायू सैल असलेले बाळ खाली बसवले की त्याच्या मांड्या बाहेर फाकतात आणि तीच सवय लागली तर पुढे उभे राहताना पाय एकमेकांपासून फाकलेले पडतात. फिजिओथेरपिस्ट मांड्यांच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घट्ट गुंडाळ्या लावायला शिकवतो आणि ते आईने दिवसभरात, भरवताना, खेळवताना करायचे असते. बोलणे येईपर्यंत हातवाऱ्यांच्या खुणा शिकवतात. खुणांमुळे मूल बोलायचे टाळेल ही भीती निराधार आहे, उलट त्यातून शब्दांना वाट मिळते. आठवड्यातला केंद्रातला तास हा खरे तर पालकांचा वर्ग असतो.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत डाऊन सिंड्रोमचे वेगळे नाव नाही. प्रमाणपत्र मिळते ते बौद्धिक अक्षमतेच्या किंवा इतर लागू प्रकाराखाली, मुलाच्या प्रत्यक्ष क्षमतेच्या मोजणीवरून. सवलतींसाठी असलेली किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट आणि पेशींच्या रिपोर्टवरील टक्के यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी खिडकीवर हा घोळ होताना दिसतो. प्रमाणपत्र मिळाल्यास राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळू शकते आणि त्यात नियमित थेरपीचाही समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाले नाही, तरी जिल्हा केंद्रातील उपचार थांबवायचे कारण नाही.

पुढच्या बाळाबद्दल विचारायला बरेच जण संकोचतात. मोझेक प्रकार सहसा वंशपरंपरेने येत नाही आणि तो पुन्हा होण्याची शक्यता साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी मानली जाते. आईचे वय जास्त असेल तर वयानुसार असलेली शक्यता विचारात घ्यावी लागते. जनुकीय समुपदेशकाकडे जाताना मूळ रिपोर्ट, मोजलेल्या पेशींची संख्या आणि नमुना कोणत्या ऊतीचा होता याची नोंद सोबत न्यावी. तपासणी वीसच पेशींवर झाली असेल, तर अधिक पेशी किंवा गालाचा नमुना पाहून काही निर्णय बदलणार आहे का, हे तेथेच विचारावे. बदलणार नसेल तर मुलाला पुन्हा सुई टोचण्याची गरज नाही.